घास अडकतो, रिपोर्ट मात्र नॉर्मल

प्रश्न: डॉक्टर नमस्कार. मी ३६ वर्षांचा आहे, बार्शीला दुकान आहे. दिवाळीच्या आसपास जेवताना भाकरीचा घास अडकल्यासारखा झाला, पाणी प्यायलो तसा गेला खाली, पण तेव्हापासून कंठाच्या जरा खाली बोराएवढं काहीतरी बसलंय असं सारखं वाटतं. थुंकी गिळताना जास्त. कान-नाक-घसावाल्यांनी कॅमेऱ्याने बघितलं, सोलापूरला दुर्बीण घालून अन्ननलिका आणि पोट बघितलं, थायरॉइड केलं, सगळं नॉर्मल. पित्ताच्या गोळ्यांनी थोडा फरक पडला. आता भाकरी, चपाती, मटण सोडलंय, मऊ भात-आमटी आणि दूध-बिस्किटावर आहे, ३-४ किलो वजन उतरलंय. रात्री मोबाइलवर सर्च करत बसतो. काका घशाच्या कॅन्सरने गेले म्हणून जास्त धास्ती. बायको म्हणते सगळे मनाचे खेळ आहेत. मग मला होतंय ते खोटं आहे का? परत दुर्बीण करून घेऊ का?

उत्तर: खोटं अजिबात नाही, आणि वहिनींनाही हे वाचून दाखवा. पण एका गोष्टीचं नीट उत्तर द्या, ते तुमच्या पत्रात नाहीये. थुंकी गिळताना गोळा जाणवतो म्हणता, मग जेवताना काय होतं? घास खरंच छातीत थांबतो, पाण्याने ढकलावा लागतो, का जेवायला बसलं की गोळा उलट विसरायला होतो? दुसरं असेल तर याला ग्लोबस म्हणतात, आमच्या ओपीडीत नेहमी दिसणारी गोष्ट आहे. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक गोल स्नायू असतो, तो एरवी बंदच असतो आणि गिळताना सेकंदभरापेक्षाही कमी वेळ उघडतो. टेन्शनमध्ये तो आवळल्यासारखा राहतो, पित्त वर येत असेल तर तिथली जागा हुळहुळी होते, आणि मग तिथे काही नसताना काहीतरी आहे असं वाटतं. जाणवतं ते खरं, त्याचा तुम्ही लावलेला अर्थ चुकीचा.

आता वाचता वाचताच एक करा. लागोपाठ पाच वेळा आवंढा गिळा, पाणी न घेता. चौथ्या-पाचव्याला गिळताच येत नाही ना, घसा धरल्यासारखा होतो? मलाही होतो, तुमच्या शेजाऱ्यालाही होईल, कारण तोंडातली लाळ संपलेली असते आणि गिळण्याची क्रिया नीट सुरू व्हायला तोंडात काहीतरी लागतं. तुम्ही हे "आहे का गेलं" बघायला दिवसभर करताय आणि दरवेळी घसा तेच उत्तर देतोय. गिळताना तिसेक स्नायूंच्या जोड्या मेंदूच्या हुकमाने एकामागून एक हलतात, त्यातलं पहिलं पाऊल तेवढं आपल्या हातात, बाकी आपोआप. जिना उतरताना कुठला पाय कुठे पडतोय हे बघायला लागलं की माणूस अडखळतो, तसंच चाललंय हे.

परत दुर्बीण? लगेच नको. पण डॉक्टरांना एवढं विचारा की अन्ननलिकेतला तुकडा तपासायला घेतला होता का. तरुण पुरुषांत, विशेषतः दमा-ॲलर्जी असलेल्यांत, इओसिनोफिलिक इसोफेजायटिस म्हणून एक सूज असते, घास खरोखर अडकतो आणि वरून बघताना अन्ननलिका नॉर्मल दिसू शकते, तुकड्यातच कळते. घन पदार्थांसोबत पाणीही अडकत असेल, रात्री न पचलेलं अन्न तोंडात येत असेल तर बेरियम (पांढरं औषध पाजून काढलेला अन्ननलिकेचा एक्स-रे) किंवा मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजणारी तपासणी) लागते. अडचण वाढत चालली, आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसला, मानेत गाठ लागली, रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली तर मात्र थांबायचं नाही. वजन बहुधा खाणं कमी केल्याने उतरलंय, तरी डॉक्टरांना सांगा, आणि काटा रोज नको, पंधरा दिवसांनी बघा. अजून एक, तंबाखू, मावा, सुपारी खाता का ते लिहिलं नाहीत. खात असाल तर आधी ते बंद आणि तोंडाची वेगळी तपासणी, तोंड पूर्ण उघडतं का तेही.

हे सगळं नसेल तर खरं काम जेवणाच्या ताटापाशी आहे. आमटीत कुस्करलेली भाकरी आजपासून, चार-पाच दिवस सवयीची झाली की आमटीत बुडवलेली चपाती, मग कोरडी, मटण सगळ्यात शेवटी. घास लहान, पण पातळ करून करून पेज करायची नाही, जेवढं टाळाल तेवढी भीती चढते. आवंढा गिळून बघायची इच्छा झाली की पाण्याचा घोट घ्या, नुसता आवंढा नाही. आरशात घसा बघणं आणि रात्रीचं सर्च बंद, आणि बायकोला रोज "काही नाही ना मला?" विचारणं पण बंद, कारण त्या नाही म्हणाल्या की तासभर बरं वाटतं आणि परत विचारावं लागतं. पित्ताची गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, बहुतेक लोक जेवून घेतात आणि म्हणतात फरक नाही. महिनाभरात भीती उतरली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, वेडबिड काही नाही, आजाराच्या धास्तीवर बोलण्याचे ठरावीक उपचार आहेत आणि गरज पडली तर औषधंही. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, ठाण्यात आमच्याकडे असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. हल्ली पाणी-चहा पिताना सारखा ठसका लागतो, भात मात्र जातो. त्याही "घशात काहीतरी आहे" म्हणतात. मनाचंच असेल ना?

उत्तर: नाही. वरचं वाचून तसं वाटणं साहजिक आहे, पण इथे उलटी परिस्थिती आहे. पातळ पदार्थ पटकन सरकतात, झटक्यानंतर घशाचं टायमिंग चुकतं आणि पाणी श्वासनलिकेकडे जातं. पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा ओला येतो का, मधूनमधून ताप-खोकला होतो का बघा, होत असेल तर याच आठवड्यात फिजिशियनकडे न्या, न्यूमोनियाची भीती असते. मोठ्या रुग्णालयात गिळण्याची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट असतात, त्यांच्याकडे चिठ्ठी मागा. तोवर चहा ताठ बसवून, लहान घोटाने, बोलायला न लावता द्या, जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका, आणि दोन वेळा दात घासून द्या, तोंड स्वच्छ असलं की छातीचं इन्फेक्शन कमी होतं. पाणी घट्ट करून द्यायचं का हे थेरपिस्ट ठरवतील, घरी कॉर्नफ्लोअर घालून बघू नका. आणि तोंड अचानक वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर थेट इमर्जन्सीत जा, माझ्या उत्तराची वाट बघू नका.