अटकेची बातमी आणि मूळ आरोपपत्र

प्रश्न : अमेरिकी रॅपर शॉन कोम्ब्स यांच्या अटकेची बरीच चर्चा झाली, त्यांच्यावर नेमके कोणते आरोप होते आणि ते मुळातून कोठे वाचता येतील?

उत्तर : १६ सप्टेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये अटक झाल्यावर दुसऱ्याच दिवशी खुल्या झालेल्या आरोपपत्रात संघटित गुन्हेगारीचा कट, लैंगिक शोषणासाठी मानवी तस्करी आणि वेश्याव्यवसायासाठी व्यक्तींची ने-आण हे तीन आरोप होते. संघीय न्यायालयांची अशी कागदपत्रे ‘पेसर’ या अधिकृत प्रणालीवर प्रतिपान दहा सेंट शुल्क भरून वाचता येतात. मात्र आरोपपत्र ही सरकारी पक्षाचीच बाजू असते, हे बातम्या वाचताना सहज विसरले जाते. जुलै २०२५मध्ये ज्यूरीने त्यांना कट व तस्करीच्या आरोपांतून मुक्त केले आणि केवळ ने-आणीच्या आरोपांवर (सुधारित आरोपपत्रात ते दोन झाले होते) दोषी ठरवले.