पेशीपटलात कोलेस्टेरॉल किती आहे, हे पेशीला कळतं तरी कसं?

तुमचा प्रश्न असा: चोपड्याला वडिलांच्या भरितातलं तेल कमी केलं, तरी एलडीएल (रक्तातलं ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल) हललं नाही. डॉक्टरांनी स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी सुरू केल्यावर मात्र ते उतरलं. मग शरीर कोलेस्टेरॉल मोजतं कुठे? मी जळगावला जीवरसायनशास्त्र शिकवते आणि शिकवताना सगळ्यात जास्त रमते ती याच भागात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तेलाचं. शेंगदाणा तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. आपल्या शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं. पेशीला ते लागतंच, कारण त्याच्यावाचून पटल ढिलं पडतं आणि नको ते आरपार जाऊ लागतं. पण जास्त झालं तर तेही घातक. म्हणजे मोजमाप हवंच.

खरी गंमत मोजण्याच्या जागेत आहे. पेशीच्या बाहेरच्या पटलात दर १०० मेद-रेणूंमागे ४० च्या आसपास कोलेस्टेरॉलचे असतात. मोजणी मात्र आत, आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीच्या आतल्या पटलांच्या जाळ्यात, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये) होते, जिथे हे प्रमाण जेमतेम ५ असतं. आपल्याकडे गिरणा धरणाचं आवर्तन सुटलं की वरच्या चाऱ्या भरल्या का, हे कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारावं. त्याच्या बांधाला पाणी लागलं म्हणजे वरच्यांचं भागलं. पेशीचं तसंच आहे. बाहेरच्या पटलातलं बरंचसं कोलेस्टेरॉल स्फिंगोमायलिन आणि इतर मेदांनी धरून ठेवलेलं असतं. त्यांची गरज भागून जे मोकळं उरतं, तेवढंच आत पोचतं. ते वाहून नेणारी ॲस्टर नावाची प्रथिनं २०१८ मध्ये उजेडात आली.

आत स्कॅप नावाचं प्रथिन बसलेलं असतं आणि त्याने एसआरईबीपी-२ हे दुसरं प्रथिन धरून ठेवलेलं असतं. कोलेस्टेरॉल कमी असलं की स्कॅप त्याला घेऊन गॉल्जी पिंड या पेशीतल्याच दुसऱ्या भागाकडे निघतं. तिथे दोन विकरं (एन्झाइम) एसआरईबीपीचा एक तुकडा कापून मोकळा करतात. तो केंद्रकात शिरतो आणि कोलेस्टेरॉल बनवणारी, तसंच रक्तातून एलडीएल ओढून घेणाऱ्या ग्राहींची (पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टर प्रथिनांची) जनुकं चालू करतो. कोलेस्टेरॉल पुरेसं असेल तर ते स्कॅपला चिकटतं, स्कॅपचा आकार बदलतो, इन्सिग नावाचं प्रथिन त्याला पकडतं आणि प्रवास जागीच थांबतो. हे हळूहळू होत नाही. २००८ मध्ये डॅलसच्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की ५ टक्क्यांची रेघ ओलांडली की काम जवळजवळ एकदम बंद पडतं. एलडीएल-ग्राही शोधून काढणारे हेच दोघे. १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. इतकं नेमकं मोजमाप दोन-तीन प्रथिनांच्या जोरावर होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता वडिलांची गोळी. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एचएमजी-कोए रिडक्टेज या विकराला अडवतं. यकृताच्या पेशीत आतलं प्रमाण घटतं, स्कॅप निघतं, पेशीवर ग्राही वाढतात आणि ते रक्तातलं एलडीएल आत खेचतात. रक्तातला आकडा उतरतो तो मुख्यतः या ओढीमुळे. जेवणातल्या तूप-साय-मटणाचा परिणाम होतोच, कारण संपृक्त मेद जास्त झाले की यकृतावरचे हे ग्राही कमी होतात. पण भरितातल्या शेंगदाणा तेलाला दोष देऊ नका.

डोस दुप्पट केला तर परिणामही दुप्पट का होत नाही, हेही तुम्ही विचारलंय. एसआरईबीपी-२ त्याच वेळी पीसीएसके९ नावाचं प्रथिनही वाढवतं, आणि ते ग्राहींना नष्ट व्हायला पाठवतं. म्हणून डोस दुप्पट करूनही एलडीएल साधारण ६ टक्केच आणखी उतरतं. अशा वेळी डॉक्टर आतड्यातलं शोषण अडवणारं इझेटिमाइब जोडतात, किंवा पीसीएसके९लाच रोखणारं इंजेक्शन देतात.