गॅरेजचं शटर न बदलता त्याचा रंग बदलता येतो का?

येतो. तुम्ही लिहिलंय की घराला आत्ताच फिकट पिवळा रंग दिलाय, गॅरेजचं शटर मात्र जुनं हिरवं, पत्रा धड आहे आणि तरी सगळे सांगतात, 'शटरवर रंग टिकत नाही, नवीनच घाला.' हे 'सगळे' कोण, ते मला न सांगताच कळलं. प्रत्येक घरात एक असतोच. आमच्याकडे दाजी आहेत.

मी बेळगावचा, टिळकवाडीत घर. हायस्कुलात २६ वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालो. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे आहे त्यात माझी फजिती याच कारणानं जास्त आहे.

आमचं शटर २००८ चं. फॅब्रिकेटरनं पांढरट-चंदेरी पत्र्याचं आणून बसवलं. घराच्या तांबड्या कौलांना ते दिसायला बरं नव्हतं, म्हणून २००९ च्या दिवाळीच्या सुट्टीत मीच बसून हिरवा ऑइल पेंट दिला. दोन हात. इतकं छान दिसत होतं की शेजारच्या काकांनी 'पेंटर कोण हो?' म्हणून विचारलं. एक पावसाळा गेला, काही झालं नाही. दुसऱ्यात कडेच्या पट्ट्यांवर फुगे आले. आणि २०११ च्या गणपतीला आक्का आणि दाजी आले तेव्हा पोपडे सुटायला लागले होते.

दाजी चहाची वाट बघत अंगणात उभे होते. नखानं एक पोपडा उचलला, ओढला, तर पट्टीच्या लांबीचा, चांगला हातभर, कातडं सोलल्यासारखा निघून हातात आला. खाली पत्रा चकचकीत, गंजाचा एक ठिपका नाही. दाजींनी तो पोपडा गुंडाळला, आत आणला आणि चकलीच्या ताटलीत ठेवला. 'मास्तर, हे पण खायचं काय?' सगळं घर हसलं. आमची बायको सुद्धा.

दाजींचं उद्यमबागेत, म्हणजे आमच्या इथल्या औद्योगिक वसाहतीत, लेथचं वर्कशॉप आहे. लोखंडातलं मला सगळं कळतं हा त्यांचा दावा, आणि मला काहीच कळत नाही हाही त्यांचाच. त्यांचं म्हणणं तेव्हापासून एकच: 'मास्तर, तुमच्या हाताला रंग धरत नाही. पत्रा बदला की. किती दिवस त्याला पावडर लावत बसणार?'

मी ईर्षेला पेटलो. २०१२ च्या मे महिन्यात सगळं खरवडलं, रेड ऑक्साइडचा प्रायमर दिला, वर परत हिरवा दोन हात. प्रायमर दिला म्हणजे आता काही होत नाही, असं छातीठोक सांगत फिरलो. दोन पावसाळे टिकलं नाही. आता पोपड्याला आतून तांबडं अस्तरही होतं, तेवढाच फरक.

पुढची पाच-सहा वर्षं ते शटर तसंच राहिलं. कोडासारखे डाग. गणपती, दिवाळी, कुणाचं बारसं, काहीही असो, दाजी आले की पहिल्यांदा शटरकडे बघायचे, मग माझ्याकडे.

२०१८ च्या जानेवारीत पोरीचा साखरपुडा घरीच करायचा ठरला आणि घर रंगवायला काढलं. पेंटर बैलहोंगलकडचा, मराठी त्याला समजायचं पण बोलायचा कन्नडच. मी त्याला शटर दाखवून म्हटलं, यालाही रेड ऑक्साइड मारून ब्राऊन करून टाक. त्यानं खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं, एका पट्टीवर जोरात ओढलं, रेघेकडे बघितलं आणि म्हणाला, 'सर, इदु जीआय ऐत्री. ऑइल पेंट हिडियंगिल्ल.' म्हणजे हा जीआय पत्रा आहे, याला ऑइल पेंट धरत नाही. 'वॉश प्रायमर बेकरी.' वॉश प्रायमर पाहिजे. एवढं बोलून तो भिंतीकडे गेला.

जीआय. गॅल्व्हनाइज्ड. म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. मी त्या दिवशी जेवलो नाही नीट. कारण मोरचुदाच्या पाण्यात जस्ताची पट्टी बुडवायची, निळा रंग फिका होतो, पट्टी काळी पडते, हा प्रयोग मी २६ वर्षं पोरांना करून दाखवला. मोरचूद म्हणजेच कॉपर सल्फेट, हे वाक्य तर झोपेतही म्हटलं असेल. आणि स्वतःच्या दारातला पत्रा जस्ताचा आहे हे मला नऊ वर्षं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार पेठेतून पावशेर मोरचूद आणलं. आमच्या जिल्ह्यात अथणीकडे द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातलंच हे मोरचूद. चिमूटभर पाण्यात विरघळवलं, पत्र्याचा कोपरा घासून स्वच्छ केला आणि कापसानं एक थेंब लावला. बघता बघता काळा ठिपका. मग अंगणात पडलेल्या साध्या सळईवर लावला, तर तिथे तांबूस मुलामा. झालं. साध्या लोखंडावर तांबं तांब्यासारखं दिसतं, जस्तावर काळं पडतं. तुम्ही पहिल्यांदा हेच करा. बाकी सगळं नंतर. मोरचूद विषारी आहे, पोरांपासून लांब ठेवा, हात धुवा. थेंब लावलेली जागा पण पाण्यानं धुऊन टाका. आणि मुळात शटरला लोहचुंबकच चिकटत नसेल तर ते अ‍ॅल्युमिनियमचं, त्याला ही चाचणी नको, त्याचं वेगळं.

तर पोपडे का सुटतात? ऑइल पेंट म्हणून जे मिळतं, सिंथेटिक इनॅमल, त्याच्या राळेत तेल असतं. तेलातली आम्लं आणि जस्त ओलाव्यात एकमेकांना भेटली की जस्ताचा साबण तयार होतो. साबण म्हणजे खरंच साबण, तोच जातभाई. रंगाच्या आणि पत्र्याच्या मध्ये हा बुळबुळीत थर जमतो, वरचा रंग ठिसूळ होतो आणि एके दिवशी कुणीतरी दाजी येऊन तो ओढतो. साध्या रेड ऑक्साइडमध्येही तीच तेलाची राळ, म्हणून माझा दुसरा प्रयत्न पण त्याच वाटेनं गेला. पहिल्या वर्षी काही दिसत नाही, हीच यातली गोम. आपल्याला वाटतं रंग चांगला होता, पावसानं घालवला. पाऊस फक्त निमित्त.

म्हणजे माझ्या हातात काही खोट नव्हती. हे मला इथे स्पष्ट लिहायचं होतं.

आता तुमचं काम. सुटा रंग सगळा खरवडून काढा, घट्ट बसलेलाही जीआयवर ठेवू नका, तो उद्या सुटणारच. पेंट रिमूव्हर वापरा. तारेचा ब्रश रेटून मारू नका, जस्तच निघून जाईल आणि मग खरा गंज सुरू होईल. पांढरी भुकटी दिसली तर ती जस्ताचा गंज, घासून काढा. मग साबणाच्या पाण्यानं धुवा, कारण शटरच्या कडांना चॅनेलमधलं ग्रीस लागलेलं असतं आणि ग्रीसवर जगातला कुठलाच रंग बसत नाही. भरपूर पाणी ओता, दिवसभर वाळू द्या. २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं नुसती चमक घालवा.

मग वॉश प्रायमर. दोन डब्यांत येतो, दुसऱ्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, ते जस्ताला किंचित खाऊन धरतं. लागेल तेवढाच कालवा. सकाळी कालवलेला संध्याकाळी चालत नाही. हात अगदी पातळ, खालचा पत्रा दिसला पाहिजे. माझ्या मनात आलं, इतका महाग आणलाय तर जरा जाड मारावा. पेंटरनं ब्रशच काढून घेतला हातातून. जाड मारला की तोच सुटतो. त्याच्यावर त्याच दिवशी झिंक फॉस्फेटचा प्रायमर, आणि तो वाळल्यावर तुम्हाला पाहिजे तो इनॅमल दोन हात. दुसरा रस्ता म्हणजे दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर थेट पत्र्यावर आणि वर पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचा रंग. तोही चांगला, जास्त टिकतो, महाग पडतो. पण दोन्हींची खिचडी करू नका. वॉश प्रायमरवर इपॉक्सी मारून पस्तावलेले लोक आहेत. आठ बाय आठचं शटर असेल तर आतून-बाहेरून दोन हातांना दोन-अडीच लिटर इनॅमल धरा, पट्ट्यांना गोलाई असते ती जास्त पिते.

शटर खाली सोडूनच रंगवा. वजनानं पट्ट्या ताणलेल्या असतात, सांधे उघडतात. कडेच्या चॅनेलच्या आत रंग जाऊ देऊ नका, नाहीतर शटर अडकतं आणि मग स्प्रिंगला शिव्या. आणि घाई नको. इनॅमल हाताला चार-सहा तासांत सुकल्यासारखा लागतो, पण शटर वर गुंडाळलं की बाहेरची बाजू आतल्या बाजूवर दाबून बसते. आम्ही दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडी काढायला वर केलं, तर दोन ठिकाणी रंग रंगाला चिकटून उपटला. ते डाग अजून आहेत, मुद्दाम ठेवलेत म्हणून सांगतो. निदान तीन-चार दिवस गाडी बाहेर लावा आणि पहिल्यांदा गुंडाळताना शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, पूड मारा.

पावडर कोटिंगचं कुणीतरी नक्की सुचवेल. आमच्या उद्यमबागेतही करून देतात. पण त्यासाठी पट्ट्या सुट्ट्या करून भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांत भाजायला लागतात, परत ओवायच्या, परत बसवायचं. आणि जीआयमधून भाजताना वायू निघून बारीक फोड येतात, नीट माहीत असलेला पाहिजे. एवढा खटाटोप करायचा तर दाजींचं ऐकलेलं काय वाईट.

वेळ? पावसाळ्यात नाही. बेळगावचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना हे सांगायला नको, जूनपासून हवेतच पाणी असतं. दिवाळी ते होळी. उन्हानं पत्रा तापलेला असेल तेव्हाही नाही, सावली येऊ द्या.

रंग कुठला, हे तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर मी काय देणार. भिंत पिवळी आहे तर ब्राऊन चांगला, मातीचे शिंतोडे दिसत नाहीत. पश्चिमेला तोंड असेल तर काळपट घेऊ नका, गॅरेज भट्टी होते. आमच्या गावात आणखी एक पथ्य असतं. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव, त्याच्या तोंडावर शटर मराठीवाल्यांचं भगवं केलं तर एक जण विचारणार, कन्नड झेंड्याचं लाल-पिवळं केलं तर दुसरा. आमचा पेंटर कन्नड, मी मराठी, आम्ही दोघांनी मिळून ब्राऊन घेतला, कुणी काही बोललं नाही.

एक महत्त्वाचं राहिलंच, खरं तर आधी सांगायला पाहिजे होतं. तुमचा हिरवा रंग जुना आहे म्हणता. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून कोरडं घासू नका, पाणी मारून घासा, तोंडाला मास्क लावा, खरवडलेलं सगळं पेपरवर गोळा करा, घरात लहान पोरं असतील तर त्या दिवशी आजोळी पाठवा. मी २०१२ ला यातलं काहीच केलं नव्हतं. पीयू मारणार असाल तर त्याचं हार्डनर श्वासात जाणं वाईट, ते पेंटरलाच मारू दे आणि त्याला पण चांगला मास्क द्या.

आणि मोरचुदाचा थेंब तांबूस आला, म्हणजे साधं लोखंड निघालं, तर वरचं अर्धं पुराण सोडून द्या. गंज काढा, रेड ऑक्साइड मारा, इनॅमल मारा, छान टिकतो.

पत्रा खालून कुजला असेल तर? शटरची सगळ्यात खालची जाड पट्टी, जमिनीला टेकते ती, पाण्यात राहून आधी जाते. तेवढीच बदलून मिळते, कुठलाही फॅब्रिकेटर अर्ध्या दिवसात करतो. सगळं शटर फेकायला लागतं ते पट्ट्यांना भोकं पडली तरच.

आमचं ब्राऊन शटर सात पावसाळे खाऊन उभं आहे. दाजींनी २०१५ ला स्वतःच्या घरी नवीन शटर घातलं, आणि मला पाठ होईल इतक्या वेळा त्याची किंमत सांगितली. त्याला त्यांनी हौसेनं निळा ऑइल पेंट दिलाय. मी परवा आक्काकडे गेलो होतो. दाजी वर्कशॉपवर होते. खालून तिसरी पट्टी, उजवा कोपरा. मी हात लावला नाही. गणपतीला सगळे जमतील तेव्हा बघू.