३८ जीबीची ती फाइल

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला दुसऱ्या वर्षात आहे, गेल्या सेमिस्टरला ७१ टक्के. जूनपासून तो 'लॅपटॉपमध्ये दुसरा लॅपटॉप' चालवत बसतो. लॅपटॉप हळू झाला. मग एके दिवशी निळ्या पडद्यावर ४८ आकडी 'की' (किल्ली) मागू लागला. ती मुलाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली, पण दुकानदार म्हणाला, हे त्या लिनक्समुळे (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) झालं. वडिलांनी सगळ्यात जड फाइल शोधली, ३८ जीबीची, आणि उडवली. लॅपटॉप आता परीक्षेपर्यंत कपाटात आहे. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत: ९२ हजारांचा, '१०० टक्के प्लेसमेंट'वाला क्लाउड कोर्स लावू का, आणि पुढे डिग्री की नोकरी? शेवटची ओळ अशी: 'आठ दिवस झाले, जेवायला बसतो पण बोलत नाही.'

सप्रेम नमस्कार.

मार्क आणि फी यांवर तुम्ही दीड पान लिहिलंत, आणि मुलगा बोलत नाही यावर एक ओळ. मला त्या ओळीची काळजी वाटते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

तुम्ही काय उडवलंत ते तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. व्हर्च्युअलबॉक्ससारखं सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या मेमरीचा आणि प्रोसेसरचा थोडा वाटा बाजूला काढतं आणि त्यावर दुसरा संगणक उभा करतं. त्या संगणकाची अख्खी हार्डडिस्क विंडोजला एकच फाइल म्हणून दिसते. त्याने बसवलेलं लिनक्स, वेब सर्व्हर, डेटाबेस, लिहिलेले प्रोग्राम, चुकून-दुरुस्त करून जमवलेल्या सेटिंग, सगळं त्या एका फाइलीत होतं. म्हणजे जूनपासूनचं त्याचं काम. वह्यांचा गठ्ठा रद्दीत घालायचा असता तर तुम्ही त्याला आधी विचारलं असतंत. इथे विचारलं नाहीत, कारण तो अभ्यास आहे हे तुम्हाला दिसलं नाही. तुमचा हेतू वाईट नव्हता, पण नुकसान खरं आहे. त्याच्याजवळ बसून 'मला कळलं नाही, चुकलं' एवढं स्पष्ट म्हणा. हे कोर्सच्या आधी करायचं, परीक्षेनंतर नव्हे.

फाइल परत मिळेल का? एवढ्या मोठ्या फाइली बहुधा रीसायकल बिनमध्ये मावत नाहीत, थेट जातात. त्यात लॅपटॉपला एसएसडी (चिपवरची नवी डिस्क) असेल तर आशा फार कमी, कारण पुसलेली जागा ती स्वतःच लवकर साफ करून टाकते. रिकव्हरीच्या नावाखाली कोणी हजारो रुपये मागितले तर देऊ नका. मात्र त्याच फोल्डरमध्ये एक छोटी सेटिंगची फाइल उरली असेल. त्या मशीनला किती मेमरी दिली होती, नेटवर्क कसं जोडलं होतं, ते तिच्यात लिहिलेलं असतं. ती राहू द्या. मशीनची निर्यात केलेली प्रत पेनड्राइव्हवर आहे का, प्रोग्राम ऑनलाइन ठेवले होते का, हेही त्यालाच विचारा.

आता दुकानदाराच्या बोलण्याबद्दल, कारण तुमचा सगळा राग त्यावर उभा आहे. लिनक्समुळे विंडोज बिघडलेलं नाही. असं दुसरं मशीन नीट चालायला प्रोसेसरमधली एक सोय चालू असावी लागते. इंटेलमध्ये तिचं नाव व्हीटी-एक्स, एएमडीच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) ती बहुधा एसव्हीएम मोड म्हणून दिसते. काही लॅपटॉपवर ती बंदच येते. मुलगा ती चालू करायला बायोसमध्ये गेला असणार. विंडोजची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद असेल, तर बायोसमधले काही बदल बघून त्याला वाटतं की कोणी लॅपटॉपशी छेडछाड करतंय, आणि ते ४८ आकडी की मागतं. म्हणजे कुलपाने आपलं काम केलं. की दिली, विषय संपला. यापुढे बायोसला हात लावायच्या आधी ती की कागदावर उतरवून ठेवायची आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवायचं, एवढं त्याला सांगा. शिवाय बायोसमध्ये जायची गरज आहे का, हे आधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सीपीयूखाली दिसतं. तिथे व्हर्च्युअलायझेशनपुढे 'एनेबल्ड' असेल तर काही करायचं नाही.

लॅपटॉप हळू झाला ती तक्रार मात्र खरी आहे, आणि ती चूक त्याची असू शकते. तुम्ही ८ जीबी रॅम लिहिली आहे. त्यातले ३-४ जीबी विंडोज आणि ब्राउझरच खातात. त्याने आतल्या मशीनला ५-६ जीबी दिले असतील तर दोघांनाही पुरत नाही, विंडोज मेमरीचं काम डिस्कवर ढकलतं आणि माउससुद्धा अडखळतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मेमरीचा पट्टा हिरवा-लाल असतो, त्याने हिरव्यातच राहावं. डेस्कटॉप नसलेलं उबुंटू सर्व्हर २ जीबी मेमरी आणि २५ जीबी डिस्कमध्ये आरामात चालतं, आणि शिकायला तेच जास्त चांगलं. मशीन चालू असताना खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर समजावं की विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही (यंत्रात यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) मध्ये आलंय, म्हणून गती उतरली आहे. ते घालवायला विंडोजची 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो. घरात एकच लॅपटॉप आणि त्यावरच तुमचं बँकेचं काम, अशा वेळी मी ती बंद करणार नाही. कासव चालेल.

कोर्सबद्दल माझं मत कडक आहे: ९२ हजार भरू नका. जाहिरातीत 'क्लाउड' म्हणून जे विकतात त्याचा पाया तुमच्या मुलाने घरी फुकट घातला होता. अॅमेझॉनने २००६ मध्ये भाड्याने सर्व्हर द्यायला सुरुवात केली, तेही असेच एका यंत्रात अनेक यंत्रं चालवून. लिनक्सच्या गाभ्यात २००७ पासून केव्हीएम नावाची हीच सोय आहे. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर तर हे १९६० च्या दशकापासून चालतं. हा खेळ नाही. आणि १०० टक्के प्लेसमेंटची हमी देणाऱ्याकडून पगार, कंपनी, पद आणि परताव्याची अट लेखी मागा. बहुतेक ठिकाणी बोलणं तिथेच संपतं.

पैसे घालायचेच तर रॅममध्ये घाला. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं. दोनपैकी एक रिकामा असेल तर त्याच जातीची, डीडीआर४ असेल तर डीडीआर४ ची, ८ जीबीची पट्टी बसवून घ्या. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तिथे हा मार्ग नाही. दुसरी खरेदी म्हणजे एक बाहेरची डिस्क. महिन्यातून एकदा त्याने मशीन पूर्ण बंद करून तिची प्रत त्यावर निर्यात करावी. मुलं स्नॅपशॉटलाच, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती, बॅकअप समजतात. स्नॅपशॉट मूळ डिस्कफाइलवर टेकलेला असतो. ती गेली की तोही गेला, हे तुमच्या घरात नुकतंच झालं आहे.

पुन्हा उभारताना त्याने एक नव्हे, दोन मशीन करावीत: एकावर वेब सर्व्हर, दुसऱ्यावर डेटाबेस. सुरुवातीलाच तो अडकेल. दोन्ही मशीन आपला पत्ता १०.०.२.१५ असाच सांगतील आणि एकमेकांना दिसणार नाहीत. नेटवर्क जोडण्याच्या साध्या 'नॅट' प्रकारात व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक मशीनला वेगळ्या खोलीत बसवतो आणि प्रत्येक खोलीत तोच पत्ता देतो. 'नॅट नेटवर्क' केलं की दोघं एका खोलीत येतात. हे कोणी सांगून नाही, दोन संध्याकाळी डोकं खाजवून समजलं पाहिजे. मुलाखतीत 'नॅट आणि ब्रिज्ड (मशीन थेट घरच्या नेटवर्कला जोडणारा प्रकार) यांत फरक काय' विचारतात, तेव्हा ज्याचं डोकं असं खाजलेलं असतं त्याचं उत्तर लगेच ओळखू येतं.

डिग्री की नोकरी, याचं उत्तर लहान आहे. डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या मार्कांवर होतो. ७१ टक्के वाईट नाहीत, आणि वाढवायला अजून वर्ष आहे. सर्व्हर सांभाळायच्या कामाची आवड टिकली तर रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए ही परीक्षा बघावी. तीत पर्यायी प्रश्न नसतात, समोर मशीन देतात आणि काम करून दाखवायला लावतात. तयारीसाठी रेड हॅटच्या लिनक्सशी जुळणारं अल्मालिनक्स फुकट मिळतं, आणि तेही लॅपटॉपच्या आतच चालतं.

लॅपटॉप आज कपाटातून काढा. वेळेचं बंधन हवं असेल तर तासांचा आकडा दोघांनी मिळून ठरवा, आणि ठरलेल्या वेळात मागे उभं राहू नका. पुढचं पत्र त्याला लिहू द्या. मशीनला किती मेमरी दिली होती, त्या ३८ जीबीत काय काय होतं आणि शेवटी कुठे अडलं होतं, एवढं लिहिलं तरी पुरे. त्याला मी थेट उत्तर देईन.