युनिव्हर्सल रिमोटने टीव्ही बंद केला की रिसिव्हर चालू होतो, आणि फायर स्टिक तर ऐकतच नाही. सेटिंग कुठे चुकतंय?

आधी तुमची मांडणी मला जशी कळली तशी सांगतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सोनीचा ब्राव्हिया टीव्ही, यामाहाचा ५.१ रिसिव्हर (पाच स्पीकर आणि एका सबवूफरला आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर), टाटा प्लेचा साधा एचडी बॉक्स आणि फायर टीव्ही स्टिक. बॉक्स आणि स्टिक रिसिव्हरला जोडलेत, रिसिव्हरमधून एक केबल टीव्हीला. टीपॉयवर चार रिमोट. दुपारी आईंना मालिका लावायची असली की तुम्हाला ऑफिसमधून फोनवर एकेक बटण सांगावं लागतं, म्हणून तुम्ही दुसऱ्या रिमोटचे संकेत शिकणारा आणि एका बटणावर तीन-चार कामं बसवता येणारा रिमोट आणलात. टीव्ही, रिसिव्हर, बॉक्स चालतात. स्टिक चालत नाही. आणि 'सगळं बंद' दाबलं की कधी टीव्ही बंद होऊन रिसिव्हर चालू होतो, कधी त्याच्या उलट.

मी गेली बारा वर्षं पुण्यात घरोघरी होम थिएटर जोडून देतो. या दोन्ही तक्रारी मला दर महिन्याला ऐकायला मिळतात. तुमचा रिमोट चांगला आहे, परत करू नका.

आधी स्टिकचं बघू. टीव्ही, रिसिव्हर आणि बॉक्स या तिघांना समोरच्या बाजूला काळ्या प्लास्टिकमागे एक डोळा असतो. रिमोटमधला छोटा एलईडी अवरक्त प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकवतो (सोनीत ४० हजार वेळा) आणि त्या लुकलुकण्याच्या तुकड्यांतून संकेत जातो. तो डोळा नेमकं तेवढंच वाचतो. स्टिक टीव्हीच्या किंवा रिसिव्हरच्या मागे लटकलेली असते, तिला हा डोळाच नाही. तिचा रिमोट तिच्याशी रेडिओ लहरींनी बोलतो, म्हणून तो कुठेही धरला तरी चालतो. त्याच रिमोटची पॉवर आणि आवाजाची बटणं मात्र टीव्हीकडे प्रकाशानेच जातात, आणि इथेच गोंधळ होतो. स्टिकच्या रिमोटवरचा आवाज तुमच्या नव्या रिमोटने शिकला असेल, बाण मात्र शिकले नसतील. तुम्ही पन्नास वेळा शिकवलं तरी ते शिकणार नाहीत.

खात्री करायची असेल तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका चमकला तर ते बटण प्रकाशाचं. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला अवरक्त प्रकाश अडवणारी काच असते, म्हणून पुढचाच घ्या. चारही रिमोटवर ही पाहणी करून कोणतं बटण कशाने बोलतं ते कागदावर लिहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचे दोन तास वाचतात.

आता चालू-बंदचा घोळ. जिन्यातल्या दिव्याला खाली एक आणि वर एक अशी दोन बटणं असतात, आठवतं? बटण वर आहे की खाली यावरून दिवा लागलाय की नाही हे कळत नाही, दाबलं की आहे त्याच्या उलट होतं. रिमोटचं पॉवर बटणही तसंच. 'चालू हो' किंवा 'बंद हो' असा हुकूम त्यात नसतो, नुसता 'उलट हो' असतो. तुमच्या 'सगळं बंद' बटणाने टीव्हीला आणि रिसिव्हरला एकेकदा 'उलट हो' सांगितलं. दोघंही चालू होते तोवर ठीक. पण मध्ये वीज गेली आणि परत आल्यावर टीव्ही एकटाच सुरू झाला, किंवा संकेत जात असताना कुणी समोरून गेलं, की दोघांची जोडी फुटते. एकदा फुटली की प्रत्येक वेळी एक चालू होतो आणि एक बंद होतो.

हे दुसरं कारण, म्हणजे संकेत अर्धवट पोचणं, मी माझ्या घरात डोळ्यांनी पाहिलंय. माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. त्यांच्यासाठी मी मोठ्या हौसेने एका बटणावर पाच कामं बसवली होती: टीव्ही चालू, थोडं थांब, रिसिव्हर चालू, रिसिव्हरचं इनपुट, बॉक्स चालू. सगळं व्हायला आठेक सेकंद लागायचे. मी दाबलं की दरवेळी बरोबर चालायचं, त्यांनी दाबलं की नाही. एकदा शेजारी बसून नीट पाहिलं. ते बटण दाबायचे, टीव्हीचा लाल दिवा गेलेला दिसला की समाधानाने रिमोट मांडीवर उलटा ठेवायचे. पहिला संकेत टीव्हीला पोचायचा, उरलेले तीन धोतराच्या निऱ्यांत. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. बटण दाबून रिमोट ठेवून देणं ही सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसाची अगदी योग्य अपेक्षा आहे, आणि रिमोट तसाच बसवला पाहिजे, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी ज्येष्ठांच्या घरात एका बटणावर कामांच्या लांबलचक माळा बसवत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: रिमोटला चार यंत्रं शिकवत बसू नका, आधी घरातली चार यंत्रं दोनावर आणा. त्यासाठी लागणारी सोय तुमच्याकडे आहे. एचडीएमआय केबलमध्ये चित्र आणि आवाजाच्या तारांखेरीज यंत्रांना आपसांत बोलायला एक वेगळी तार असते. या सोयीला सीईसी म्हणतात. सोनी तिला 'ब्राव्हिया सिंक' म्हणते, सॅमसंग 'ॲनीनेट प्लस', एलजी 'सिम्पलिंक'. पाटी वेगळी, आतली गोष्ट एकच.

जोडणी बदला. स्टिक आणि बॉक्स दोन्ही थेट टीव्हीला लावा. टीव्हीच्या मागे ज्या पोर्टशेजारी 'एआरसी' किंवा 'ई-एआरसी' छापलंय तिथून एक केबल रिसिव्हरच्या 'एचडीएमआय आउट'ला. हो, आउटलाच, कारण एआरसी म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलट्या दिशेने रिसिव्हरकडे येणं. स्टिकवरून येणारा डॉल्बी ५.१ आवाज या वाटेने व्यवस्थित येतो. ब्लू-रे प्लेअर असता तर तो मी रिसिव्हरलाच ठेवायला सांगितला असता, कारण त्याचा न दाबलेला (अनकॉम्प्रेस्ड) ५.१ आवाज साध्या एआरसीतून येत नाही. तुमच्याकडे तो नाही.

मग सेटिंग. टीव्हीत बाहेरच्या इनपुटच्या भागात 'ब्राव्हिया सिंक कंट्रोल' चालू करा, तिथेच टीव्हीबरोबर बाकीची यंत्रं आपोआप बंद होण्याचा पर्यायही चालू करा, आणि आवाजाच्या भागात 'स्पीकर्स'समोर 'ऑडिओ सिस्टीम' निवडा. यामाहाच्या सेटअपमध्ये एचडीएमआयखाली 'एचडीएमआय कंट्रोल' आणि 'एआरसी' दोन्ही चालू. स्टिकमध्ये डिस्प्ले आणि साउंडच्या पानावर सीईसीची सोय चालू आहे ना ते पाहा. आता तिघंही चालू ठेवून फक्त टीव्ही बंद करा. दोन-चार सेकंदांत रिसिव्हर स्वतःहून बंद झाला तर जमलं. नाही झाला तर तिघांचे प्लग काढा, एखाद मिनिट थांबा, आधी टीव्ही आणि मग रिसिव्हर लावा. पहिल्यांदा एकमेकांची ओळख पटायला कधीकधी एवढं करावं लागतं.

यातून काय साधलं बघा. पॉवरचं बटण एकाच यंत्राचं उरलं, त्यामुळे जोडी फुटायचा प्रश्नच मिटला. रिसिव्हरचं इनपुट कायम टीव्हीवर, ते बदलायचं कामच नाही. टीव्हीच्या रिमोटवरचा आवाज आता रिसिव्हरचा आवाज कमी-जास्त करतो. आणि ज्या स्टिकला डोळा नाही, तिला टीव्ही आपला डोळा उसना देतो: युनिव्हर्सल रिमोटचे बाण प्रकाशाने टीव्हीकडे जातात आणि टीव्ही ते केबलमधून स्टिकला सांगतो. पहिल्यांदा हे चालताना पाहिलं की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात, आणि मला अजूनही त्याचा आनंद होतो. बोलून शोधायचं बटण तेवढं असं चालणार नाही. आई 'अभंग लाव' असं बोलून लावत असतील तर स्टिकचा रिमोट खणात हाताशी ठेवा.

उरलं रिमोट शिकवणं, आता फक्त दोन यंत्रांचं. जुनी 'सगळं बंद' माळ आठवणीने पुसून टाका, नाहीतर सीईसी रिसिव्हर बंद करेल आणि तुमची माळ तो परत चालू करेल. टीव्हीसाठी तयार कोड वापरा. नव्या रिमोटवरचं 'सेट' बटण दिवा स्थिर होईपर्यंत दाबून धरायचं, मग टीव्हीचं बटण, मग पत्रकातला सोनीचा कोड. एकाच कंपनीचे सात-आठ कोड दिलेले असतात, आणि पॉवर चालली म्हणून पहिल्यालाच थांबू नका. आवाज, बाण, ओके, मागे जाण्याचं बटण आणि इनपुट ही पाचही चालली पाहिजेत. बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या कोडवर सगळं जुळतं.

बॉक्ससाठी मी कोड शोधत बसत नाही, सरळ शिकवतो. दोन्ही रिमोटमध्ये नवे सेल घाला. टेबलावर दोघांना तोंडाला तोंड लावून, दोन बोटं अंतर ठेवून आडवे करा. एक जाड आणि एक बारीक असेल तर बारक्याखाली वही सरकवा, म्हणजे दोन्हींचे एलईडी एका पातळीत येतात. खिडकीतलं ऊन त्यांच्यावर पडू देऊ नका. नवा रिमोट शिकायच्या अवस्थेत गेला, दिवा लागला, की मगच मूळ बटण थोडक्यात दाबून सोडा. आधीपासून दाबून धरू नका. एनईसी नावाची संकेताची पद्धत पुष्कळ यंत्रांत असते, तिच्यात पूर्ण संकेत एकदाच जातो आणि बटण दाबून धरलं तर पुढे नुसतं 'तेच, तेच' जात राहतं. तुमचा रिमोट उशिरा जागा झाला तर तो फक्त 'तेच' शिकतो आणि बॉक्स ढिम्म हलत नाही. शिकवलेलं एखादंच बटण मेल्यासारखं वाटलं तर पहिला संशय यावर घ्या.

आकडे शिकवल्यावर ११ आणि २२ मुद्दाम दाबून पाहा. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत बटण नव्याने दाबलं की धरून ठेवलंय हे ओळखायला संकेतात एक खूण उलटसुलट होत असते. शिकलेला रिमोट दरवेळी तीच एक खूण पाठवतो, त्यामुळे दुसरा १ बॉक्सला वेगळा वाटतच नाही. असं झालं तर आकड्यांसाठी तयार कोडच शोधावा लागेल.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो, कारण इथेच चांगल्या चांगल्यांची मेहनत वाया जाते. रिमोट बॉक्सच्या बाजूला असताना, म्हणजे त्यावर बॉक्स निवडलेला असताना, आवाजाची बटणं बॉक्सचा आवाज बदलतात. आईंना काय कळणार की रिमोट आत्ता कुणाशी बोलतोय? म्हणून बॉक्सचा आवाज एकदा पूर्ण वाढवून ठेवा, आणि बॉक्सच्या बाजूच्या आवाजाच्या व म्यूटच्या बटणांना टीव्हीच्या मूळ रिमोटचे संकेत शिकवा. पॉवरलाही टीव्हीचाच. बॉक्स दिवसभर चालू राहू द्या. आता रिमोट कोणत्याही बाजूला असो, ही चार बटणं एकच काम करतात. टीव्हीच्या तयार कोडमध्ये एचडीएमआय १, एचडीएमआय २ अशी वेगवेगळी बटणं निघाली तर नशीब समजा, एक बॉक्सला आणि एक स्टिकला द्या. नसली तर इनपुटची यादी उघडून बाणाने निवडायला शिकवावं लागेल, ते दोन दिवसांत जमतं.

काही छोट्या गोष्टी. मधला स्पीकर टीव्हीच्या पुढ्यात ठेवला असेल तर टीव्हीचा डोळा झाकला जातोय का ते खाली वाकून पाहा, 'रिमोट कधी चालतो कधी नाही' यातली निम्मी प्रकरणं एवढ्यानेच सुटतात. रिसिव्हर लाकडी शटरमागे असला तरी आता अडत नाही, कारण त्याच्याशी रिमोटला बोलायचंच नाही. फक्त त्याला वारा मिळू द्या, तो तापतो. स्वस्त रिमोट सेल बदलताना सगळं विसरतात, म्हणून चाललेला कोड चिठ्ठीवर लिहून सेलच्या झाकणाच्या आत चिकटवा. आणि टीव्हीचा मूळ रिमोट फेकू नका, पुन्हा शिकवायची वेळ आली तर तोच गुरू. हरवला असेल तर पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मॉडेलचा फोटो दाखवून तसाच मिळतो.

हे सगळं करूनही यामाहा सीईसी ऐकेना, जुन्या मॉडेलमध्ये असं होतं, तर त्याच्या रिमोटवरचं 'सीन'चं बटण शिकवा, पॉवरचं नको. सीन दाबलं की बंद असलेला रिसिव्हर चालू होतो आणि ठरलेल्या इनपुटवर जातो, चालू असला तर चालूच राहतो. 'उलट हो' म्हणणारं ते बटण नाही. बंद करायला मग रिसिव्हरचं पॉवर बटण रिमोटवर वेगळं, कोपऱ्यात ठेवा.

शेवटी आईंना रिमोट देताना तुम्ही दाबून दाखवू नका, त्यांच्या हातात द्या आणि बाजूला बसा. माझ्या वडिलांच्या रिमोटवर मी पॉवर, आवाज आणि चॅनेल सोडून बाकीच्या बटणांवर काळी चिकटपट्टी लावली होती. महिन्याभराने त्यांनी स्वतःच बाणांवरची सोलून काढली. तुमचा टीव्ही कोणत्या सालचा आहे आणि रिसिव्हरचा मॉडेल नंबर काय, ते खाली लिहा, सेटिंगमध्ये नेमकं कुठे जायचं ते सांगतो.