स्मरणाच्या मांडणशिल्पात प्रेक्षकाचा वाटा

प्रश्न : मी चित्रकला महाविद्यालयाच्या अंतिम वर्षात शिकते. वार्षिक प्रदर्शनासाठी मृत्यू आणि स्मरण या विषयावर प्रेक्षकांच्या सहभागातून घडणारे मांडणशिल्प करण्याचा विचार आहे. प्रेक्षकाने आपल्या दिवंगत माणसाला चिठ्ठी लिहून पेटीत टाकावी, सेन्सरमुळे वर टांगलेला दिवा उजळावा आणि स्वर ऐकू यावेत, अशी कल्पना आहे. ही केवळ सेल्फीची जागा होऊ नये म्हणून काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दिवा कसा उजळेल हे आपण ठरवले आहे, चिठ्ठीचे पुढे काय होणार, याचा मात्र आपल्या पत्रात उल्लेख नाही. आमच्या मते आधी तेच ठरवावे, कारण प्रेक्षकाने दिलेले किंवा उचललेले टिकते, घटते की नाहीसे होते, यावरच अशा कलाकृतीचा आशय उभा राहतो.

कलावंत फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांनी १९९१ मध्ये, एड्सने त्याच वर्षी निवर्तलेले आपले सहचर रॉस लेकॉक यांच्यासाठी, रंगीत वेष्टनांतील खाऊच्या गोड गोळ्यांचा ढीग मांडला. त्याचे आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो, एका प्रौढ पुरुषाच्या वजनाएवढे आहे. प्रेक्षक गोळी उचलून खातो तसा ढीग घटतो, म्हणजे आजाराने झिजणारे शरीर प्रेक्षकाच्या हातून झिजते. आणि तो ढीग पुन्हा भरता येतो, हीदेखील कलाकृतीचीच तरतूद आहे. येथे यंत्र एकही नाही.

जर्मनीत हाम्बुर्गच्या हारबुर्ग भागात योखेन गेर्त्स आणि एस्थर शालेव-गेर्त्स या कलावंतांनी १९८६ मध्ये फॅसिझमविरोधी स्मारक म्हणून शिशाने मढवलेला १२ मीटर उंच स्तंभ उभारून नागरिकांना त्यावर सह्या कोरण्याचे आवाहन केले. हात पोहोचेल तेवढा भाग भरला की स्तंभ खाली उतरवला जाई, आणि १९९३ मध्ये तो पूर्णपणे जमिनीत गेला. सह्यांबरोबर नाझी चिन्हेही कोरली गेली, ती पुसली गेली नाहीत. आपल्या पेटीतही थट्टेच्या चिठ्ठ्या येतीलच. त्या काढायच्या की राहू द्यायच्या, हे आजच ठरवा.

लोकांनी दिलेले जपावे की नाहीसे होऊ द्यावे, याबाबतीत जपानमधील दोन उदाहरणे परस्परविरुद्ध टोकांची आहेत. तेशिमा बेटावर फ्रेंच कलावंत क्रिस्तियाँ बोल्तान्स्की यांच्या संग्रहात लोकांच्या हृदयाचे ठोके नोंदवून जपले जातात, तर ओत्सुची येथे इतारु सासाकी यांनी बागेत ठेवलेल्या दूरध्वनीला तारच जोडलेली नाही. २०११ च्या त्सुनामीनंतर कितीतरी शोकाकुल माणसे तेथे येऊन आपल्या गेलेल्या माणसांशी बोलली, आणि त्यातले काहीही कोठे साठवलेले नाही.

आता सेल्फीविषयी. चिठ्ठी पडताक्षणी दिवा लागला, तर तो दुःखाची पोच दिल्यासारखा वाटेल, आणि केवळ तो पाहण्यासाठी लोक कोरे कागदही टाकतील. म्हणून दिवा लगेच उजळू देऊ नका. शक्य असल्यास तो पुढच्या प्रेक्षकाच्या वेळी उजळावा, म्हणजे अनोळखी माणसाच्या स्मरणाचा प्रकाश आपल्याला मिळतो आहे, हे त्याला कळेल. स्वर आम्ही वगळले असते. एका वेळी एकच माणूस आत सोडावा आणि लिहिण्यासाठी बैठक द्यावी. मनाईची पाटी लावण्याची गरज सहसा उरणार नाही.

चिठ्ठ्या हातकागदावर लिहून घेतल्या, तर प्रदर्शनाच्या अखेरच्या दिवशी सर्वांसमक्ष, न वाचता, त्यांचा लगदा करून नवे कागद तयार करता येतील. हे आणि त्याची तारीख पेटीशेजारी आधीच ठळकपणे लिहा, कारण आपले शब्द कोणी वाचणार आहे की नाही, हे माहीत झाल्याशिवाय माणूस मोकळेपणाने लिहीत नाही.