दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधले लोक रोज रेडिओवर काय ऐकत असत?

प्रामुख्याने बातम्या, आणि त्यातही रात्री 9 च्या. त्या वेळी घरोघर सगळे संचाभोवती जमत.

1 सप्टेंबर 1939 रोजी बीबीसीने प्रादेशिक प्रक्षेपणं बंद करून 'होम सर्व्हिस' हे एकच केंद्र ठेवलं. निरनिराळ्या केंद्रांच्या लहरींवरून शत्रूच्या विमानांना दिशा कळू नये, हे त्यामागचं कारण. सुरुवातीचे काही आठवडे बातम्या, सरकारी सूचना आणि ऑर्गनवादन इतकंच असायचं, त्यामुळे श्रोते वैतागले होते. मग कार्यक्रम सुधारले. सकाळी सव्वाआठला रेशनमध्ये काय शिजवता येईल ते सांगणारा पाच मिनिटांचा 'किचन फ्रंट' लागे. जून 1940 पासून कारखान्यांत लाउडस्पीकरवर 'म्युझिक व्हाइल यू वर्क' ऐकू येऊ लागलं. हाताला वेग राहावा म्हणून त्यात सलग, ठेक्याचं संगीत असे.

1940 मध्येच वृत्तनिवेदक स्वतःचं नाव सांगू लागले. आवाज ओळखीचा असला की शत्रूने खोटी बातमी घुसवली तर लोकांना लगेच कळेल, हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. 15 ऑक्टोबर 1940 च्या रात्री 9 च्या बातम्या चालू असताना बीबीसीच्या इमारतीत बॉम्ब फुटला. सात कर्मचारी गेले. बातम्या वाचणारे ब्रूस बेलफ्रेज क्षणभर थांबले आणि त्यांनी बातमीपत्र पूर्ण केलं. अशा माणसांमुळेच श्रोत्यांचा त्या आवाजांवर विश्वास बसला.

वीज नसलेल्या घरांतले संच बॅटरीवर चालत. ती दुकानात नेऊन चार्ज करून आणावी लागे, म्हणून अनेक घरांत रेडिओ जपूनच लावला जाई.